जुनी गिअरची स्कूटर: इंजिन उघडण्याआधी काय काय बघायचे

स्कूटर चालू होत नाही म्हटले की गल्लीतला पहिला सल्ला ठरलेला असतो, "बोअर गेलाय, इंजिन खोला." (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली पोकळी.) हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. टू-स्ट्रोक स्कूटरला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी, योग्य प्रमाणात हवा आणि दाब. त्या याच क्रमाने तपासल्या तर दहापैकी आठ गाड्या पाना, प्लग आणि केबलवरच मार्गी लागतात. इंजिन उघडण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

इथे लिहिलेले आहे ते वेस्पा घराण्यातल्या गाड्यांबद्दल, म्हणजे बजाजच्या चेतक आणि सुपर, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली प्रिया आणि एलएमएल वेस्पा. चेतक १९७२ मध्ये आली. तिचा सांगाडा वेस्पा स्प्रिंटचा, इंजिन १४५ सीसीचे, बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही ५७ मिलिमीटर. विजय सुपर आणि लॅम्बी या लॅम्ब्रेटाच्या वंशातल्या. त्यांच्यात चेन असते आणि गिअर ऑइलही वेगळे, त्यामुळे पुढचे आकडे त्यांना लावू नका. एलएमएलच्या बऱ्याच इंजिनांत हवा-पेट्रोल रीड व्हॉल्व्हमधून (पातळ पट्ट्यांच्या झडपेतून) आत जाते, तर बजाजमध्ये क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची) कडाच ते काम करते. बाकी कामाची पद्धत जवळपास सारखीच.

पेट्रोल आणि ऑइल

लिटरला २० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल), म्हणजे दोन टक्के. पाच लिटरला १०० मिली. आपल्याकडे "नवीन बोअर आहे, जरा जास्त टाका" म्हणून ४०-५० मिली ओतायची सवय आहे. त्याने इंजिन वाचते असे वाटते, पण एका जेटमधून (कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या तोटीतून) जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते. म्हणजे मिश्रण उलट पातळ होते, आणि वर सायलेन्सरमध्ये काजळी भरते ती वेगळीच. चांगल्या प्रतीचे टू-टी घ्या आणि प्रमाण बदलू नका. आधी टाकीत ऑइल, त्यावर पेट्रोल, मग गाडी दोन्ही बाजूंना हलवा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. कोल्हापूरसारख्या ऊस आणि डिस्टिलरीच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको, पण जुन्या स्कूटरवर त्याचे दोन परिणाम होतात. एक, जुनी रबरी नळी, कार्बोरेटरच्या फ्लोटच्या (तरंगणाऱ्या गोळ्याच्या) निडलचे टोक आणि पेट्रोल कॉकमधले वॉशर फुगतात किंवा चिरतात. ते इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवून घ्या. दुसरे, इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून प्लग पांढरा पडत असेल तर मेन जेट दोन नंबरने मोठा लावून बघावा, उदाहरणार्थ ९८ असेल तर १००. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कॉक बंद करून कार्बोरेटर चालवून कोरडा करा.

पेट्रोल येते का हे बघायला कार्बोरेटरकडची नळी काढून कॉक उघडा. सलग धार पडली पाहिजे. सुरुवातीला धार आणि मिनिटाभरात थेंब-थेंब, असे झाले तर टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बंद असते. झाकण सैल करून पाहिले की लगेच कळते. मुळातच धार बारीक असेल तर कॉकची जाळी गंजाने भरलेली असते.

आणि स्कूटर तिरकी करून किक मारायची ती प्रसिद्ध सवय. तिरकी केल्यावर फ्लोटच्या भांड्यातले पेट्रोल हलते आणि जास्तीचे पेट्रोल जेटकडे जाते, म्हणून गाडी घेते. पण रोज तिरकी करावी लागत असेल तर चोकची केबल ढिली आहे आणि चोक पूर्ण उघडत नाही, किंवा रात्रभरात भांडे रिकामे होते. केबल ताणली आणि निडल बदलली की हा व्यायाम बंद होतो.

ठिणगी

प्लग काढा, टोपीला लावून हेडच्या धातूवर टेकवा आणि किक मारा. प्लगचे भोक मात्र प्लगपासून लांब ठेवा किंवा कापडाने झाका, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी आणि बारीक असेल तर आधी प्लग बदला, मग टोपी, मग वायर. प्लगची फट ०.६ मिलिमीटर. टू-स्ट्रोकमध्ये दोन टोकांच्या मधे काजळीची केसासारखी तार बसते आणि गाडी अचानक बंद पडते. प्लग पुसला की चालू, म्हणून बरेच जण याला "गरम झाली" म्हणतात.

पॉइंटवाल्या गाडीत मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) खिडकीतून पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते दोन संपर्क) दिसतात. ते सगळ्यात जास्त उघडतात तिथे फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे जाते, म्हणून आधी फट, नंतर टायमिंग. उलटे केले तर दोनदा काम होईल. पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहायला दोन पॉइंटच्या मधे सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद ठेवा आणि मॅग्नेट हळू फिरवा. कागद सुटतो तो क्षण तुमचा. पॉइंट वारंवार निळे-काळे होऊन जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नका, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा छोटा डबा) गेलेला आहे. कॅमला पुसणाऱ्या फेल्टवर ऑइलचे दोन थेंब सोडा, नाहीतर पॉइंटची टाच झिजून फट आपोआप कमी होते.

स्टेटर प्लेट (मॅग्नेटमागची, पॉइंट आणि कॉइल बसतात ती) सैल करण्याआधी प्लेट आणि केसिंग यांच्यावर एक सरळ रेघ ओढून ठेवा. मॅग्नेट घड्याळाच्या दिशेने फिरतो. प्लेट त्याच दिशेने सरकवली की टायमिंग मागे, उलट दिशेने सरकवली की पुढे. टायमिंग पुढे गेलेली गाडी किकला उलटा फटका देते आणि चढाला टक-टक आवाज करते. मागे पडलेली गाडी मऊ चालते, तापते आणि सायलेन्सर लाल होईपर्यंत कुणाला काही कळत नाही. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकला तर क्रँक वाकतो. परत बसवताना अर्धचंद्राची चावी नीट खाचेत बसली आहे का ते बघा. ती कातरली की टायमिंग कितीही जुळवा, जुळत नाही. नट साधारण ६ किलोग्रॅम-मीटर टॉर्कला आवळा.

सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डबी असलेल्या) गाडीत हे सगळे नाही. तिथे कनेक्टर आणि अर्थिंगची वायर स्वच्छ करा. मग सीडीआय दुसऱ्या गाडीचा लावून बघणे हाच खरा तपास.

कार्बोरेटर आणि हवेची गळती

उजव्या बाजूच्या डोमखाली (फुगीर पत्र्याच्या झाकणाखाली) इंजिनावरच्या पेटीत कार्बोरेटर आणि एअर फिल्टर बसतात. जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, पितळ मऊ असते आणि एक घासा गेला की जेटचा नंबर खोटा होतो. पेटीतून कार्बोरेटर खाली बसवणारे दोन लांब बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे केले तर कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि तिथून हवा ओढायला लागते. मग नवे गॅस्केट लावले तरी फरक पडत नाही. काचेवर बारीक एमरी (घासायचा कागद) पसरून त्यावर तळ घासून सपाट करून घ्यावा लागतो.

सेटिंग गरम इंजिनावर. वरचा आयडलचा स्क्रू थोडा आत फिरवून इंजिन जरा जास्त फिरत ठेवा. मागच्या बाजूचा मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, तिथून दीड फेरा बाहेर. आता पाव-पाव फेरा इकडे-तिकडे करून इंजिन जिथे सगळ्यात स्वच्छ आणि जलद फिरते ती जागा शोधा, मग आयडल खाली आणा. या कार्बोरेटरचा हा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण जाड होते. मोटारसायकलवरून आलेल्या हाताला हे उलटे वाटते आणि तिथेच घोळ होतो.

आता महत्त्वाची खूण. स्क्रू कुठेही ठेवा, आयडल कधी पळते कधी पडते, आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली यायला वेळ लावते. हे सेटिंगचे दुखणे नाही, कुठूनतरी हवा आत जाते आहे. कार्बोरेटरच्या तळाशी, सिलिंडरच्या बुडाशी ऑइलचे थेंब सोडून बघा. आवाज बदलला तर ती जागा. पेट्रोल शिंपडून ही परीक्षा करू नका, आग लागते. बाहेर काही सापडले नाही तर मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील. मॅग्नेट आणि स्टेटर काढल्यावर त्यामागे काळा, ओला पट्टा दिसतो. हे सील इंजिन न फोडता बदलता येते, आणि ते बदलले नाही तर पातळ मिश्रणावर एक दिवस पिस्टन चिकटतो.

क्लचच्या बाजूचे सील गेले तर चित्र वेगळे असते. इंजिन गिअरचे ऑइल ओढते, पांढरा धूर थांबत नाही, प्लग ओला राहतो आणि गिअरबॉक्समधले ऑइल दर महिन्याला कमी भरते. त्यासाठी मात्र इंजिन खाली घेऊन दोन भाग करावे लागतात.

दाब, बोअर आणि उद्यमनगर

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा. अंगठा जोरात उडला पाहिजे. किक पायाखाली मऊ जात असेल, गाडी थंड असताना घेते आणि गरम झाल्यावर घेत नाही, तर बोअर-पिस्टनकडे वळा. त्याआधी एकदा सायलेन्सर काढून बघा. त्याच्या तोंडात आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या भोकात बोटभर काजळी असेल तर गाडी ४० च्या वर जात नाही आणि बोअरवर खोटा आळ येतो. भोक खरवडताना पिस्टन त्याच्यावर आणून झाका, लाकडी पट्टी वापरा. सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात भिजवतात, ते ठीक आहे, पण सोडा अॅल्युमिनियम खातो. सिलिंडरचे हेड त्यात टाकू नका, हातमोजे आणि चष्मा घाला.

बोअर खरोखर करायचा असेल तर कोल्हापुरात शोधत हिंडायची गरज नाही, शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगवाले शेजारी-शेजारी आहेत. नियम एकच. पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत द्या. बोअर पिस्टनला मोजून करायचा असतो, नुसत्या ओव्हरसाइजच्या आकड्याला नाही. होनिंग (आतून बारीक घासणे) सांगा, आणि पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडा घासून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. पिस्टन बसवताना बाण एक्झॉस्टकडे. रिंगचे तोंड खाचेतल्या पिनवरच आले पाहिजे. नवी रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरळ घालून तोंडातली फट मोजा, ०.२० ते ०.३५ मिलिमीटर असावी. हेडचे नट तिरपे-तिरपे, साधारण दीड किलोग्रॅम-मीटरला, आणि एकदा गरम करून थंड झाल्यावर पुन्हा तपासा. पहिले ५०० किलोमीटर फार वेगाने नको आणि एकसारख्या वेगानेही नको.

गिअर आणि क्लच

हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबली जातात, एक वर ओढते आणि एक खाली. गिअर पडत नसेल तर आधी दोष केबलीचा की आतल्या चार पाकळ्यांच्या सिलेक्टरचा हे ठरवा. केबली सोडा, गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर हाताने एक-एक घर सरकवा आणि मागचे चाक फिरवत राहा. चारही गिअर नीट पडले तर दोष केबलीत. पडले पण चालताना, विशेषतः चढावर, एखादा गिअर सुटून न्यूट्रलला येतो, तर पाकळ्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. केबल कितीही ताणा, ते थांबणार नाही.

नवी केबल घालताना जुनीच्या टोकाला ती बांधून ओढून घ्या, म्हणजे ती मूळच्याच वाटेने जाते. ग्रीस भरपूर. मग चाक मोकळे फिरेल असा सिलेक्टर न्यूट्रलला ठेवा, हँडलवरची खूणही न्यूट्रलवर आणा, आणि दोन्ही केबली ढील नाही पण ताणही नाही अशा आवळा. हँडलला एक-दोन मिलिमीटर मोकळी चाल राहू द्या. फार ताणली तर हँडल जड होते आणि निपलपाशी (केबलच्या टोकाच्या बोंडापाशी) तारा तुटायला लागतात. पहिला पडतो आणि चौथा पडत नाही, असे झाले तर एक केबल किंचित सोडून दुसरी तेवढीच घ्या.

बंद आणि उभ्या गाडीचे गिअर जोर लावून फिरवू नका. दात समोरासमोर आलेले असतात. गाडी थोडी पुढे-मागे हलवा, गिअर आपोआप पडतो.

क्लच लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. ती नसली तर क्लच घसरतो: चौथ्या गिअरमध्ये आवाज वाढतो, वेग वाढत नाही. चाल जास्त असली तर क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते आणि पहिला टाकताना खड्कन वाजते. केबल बरोबर असूनही घसरत असेल तर ऑइल बघा. गिअरबॉक्समध्ये एसएई ३० ऑइल, साधारण २५० मिली. मोटारीचे घर्षण कमी करणारे इंजिन ऑइल टाकले की क्लच प्लेट त्यात न्हाऊन घसरतात. नव्या प्लेट बसवण्याआधी रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवा. ऑइल गरम असताना सोडा, गाडी सरळ उभी करून भरण्याच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वर्षातून एकदा बदलले तरी पुरते.

चाकांबद्दल एकच, पण जिवाशी गाठ असलेले: रिम दोन भागांची असते. ती उघडण्याआधी हवा पूर्ण सोडा. भरलेल्या ट्यूबवर रिमचे नट काढले तर अर्धी रिम तोंडावर येते. हवा पुढे १८, मागे २५, मागे कुणी बसणार असेल तर ३५ पीएसआय.

पुरात बुडालेली गाडी

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या गल्ल्यांत चिखलाने भरलेल्या स्कूटर रांगेने उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर पहिली चूक म्हणजे किक मारणे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी असेल तर तिच्या वायरी काढा. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. प्लग काढा, सायलेन्सर काढून उलटा धरा. मग प्लगशिवाय मॅग्नेट हाताने हळू फिरवून पाणी बाहेर येऊ द्या. प्लगच्या भोकातून १५-२० मिली टू-टी ऑइल घालून पुन्हा फिरवा, हे पहिल्या दिवशीच. क्रँकच्या बेअरिंगला गंज चढायला आठवडा लागत नाही.

गिअर ऑइल सोडल्यावर दुधासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. नवे भरा, वीस मिनिटे चालवा, पुन्हा सोडा, आणि ते स्वच्छ दिसेपर्यंत असेच करा. मॅग्नेट काढून कॉइलवरचा चिखल गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात सुकवा, हेअर ड्रायरने जाळू नका. ब्रेकचे दोन्ही ड्रम उघडा. लायनरवर चिखल राहिला तर ड्रम पहिल्याच ब्रेकला खरवडतो.

चालवताना

डावा हात आपल्याकडे पिळला की पहिला, मग न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, चौथा. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढाला तिसऱ्यात इंजिन रडेपर्यंत थांबू नका, आधीच दुसरा घ्या. कमी फेऱ्यांवर जास्त अॅक्सिलरेटर दिला की पिस्टन तापतो. आवाज एकदम कोरडा झाला, ताकद मागे ओढल्यासारखी गेली, तर त्याच क्षणी क्लच दाबा. पिस्टन चिकटला तरी चाक फिरत राहते आणि तुम्ही पडत नाही.

उतार चढापेक्षा धोक्याचा. करूळ घाट किंवा आंबा घाट उतरताना गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरते पण त्याला पेट्रोलच मिळत नाही, आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही नाही. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्यात उतरा, पण दर थोड्या वेळाने अॅक्सिलरेटर किंचित उघडून एक घोट द्या. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून गुळगुळीत होतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

इंजिन उजव्या बाजूला असल्याने गाडीचे वजन तिकडे झुकते. ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकटा मारू नका. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेली कांडी चाकाखाली चिरडली की तो पट्टा साबणासारखा होतो. आठ इंची चाकाच्या सुपरला किंवा प्रियाला तर तेवढे पुरते. तिथे ब्रेकही नको, वळणही नको, सरळ जा.

डिकीत एवढे असू द्या: प्लग आणि त्याचा पाना, क्लचची आणि गिअरची एक-एक आतली तार निपलसह, पॉइंट-कंडेन्सर, १०० मिली ऑइलची बाटली, १० आणि १३ चे पाने, पक्कड आणि बारीक एमरीचा तुकडा.